‘थीफ ऑफ बगदाद’ गावच्या खळ्यात दाखवायचा असेल तर

मे महिना लागला की चाकरमानी पोराबाळांसकट गावी येतात, दिवसभर आंबे, रातांबे, समुद्र सगळं होतं आणि रात्री जेवणं उरकली की घरातला प्रत्येकजण आपापला मोबाईल घेऊन कोपरा धरतो. त्या वेळेला घरापुढच्या खळ्यात पडदा लावून आख्ख्या वाडीने एकत्र बघावा असा सिनेमा कुठला, असं मला कोणी विचारलं की मी १९२४ सालचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ सांगतो. हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स त्यात चोर झालाय, दिग्दर्शक राऊल वॉल्श, आणि गोष्ट सगळी अरबी कथांमधून उचललेली, म्हणजे उडता गालिचा, जादूची दोरी, पंखवाला घोडा, अदृश्य करणारी शाल, राजकन्या, सगळं सगळं आहे आणि वर भरपूर गंमत आहे. आणि सिनेमा मूक आहे. बरेच जण इथेच नाक मुरडतात की मूकपट पोरं कशाला बघतील, पण मला विचाराल तर आपल्या सिंधुदुर्गात तीच याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, कारण पडद्याला आवाज नाही म्हणजे आवाज आपण द्यायचा, आणि ऐनवेळी मनाने संवाद रचून बोलणारी माणसं दशावतारामुळे आपल्याकडे वाडीवाडीत आहेत. शांतपणे लावून ठेवलात तर हा सिनेमा अर्धाच दिसतो. बोलून दाखवलात तर पोरं जागची हलत नाहीत.

आधी परवानगीचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. सिनेमा एवढा जुना आहे की आपल्याकडे त्याचा कॉपीराइट कधीच संपलाय, अमेरिकेतही १ जानेवारी २०२० पासून तो सगळ्यांसाठी खुला झाला. इंटरनेट अर्काइव्ह या वेबसाईटवर शोधलात की मिळतो. फक्त एक लक्षात घ्या, सिनेमा जुना असला तरी नवीन रिस्टोअर केलेल्या कॉपीला जे म्युझिक लावलेलं असतं ते नवीन असतं, त्याचे हक्क कुणाकडे तरी असू शकतात. आपण म्युट करूनच लावणार आहोत त्यामुळे तो प्रश्नच मिटला. कॉपी निवडताना रंगाकडे बघा, हा सिनेमा ब्लॅक अँड व्हाईट असला तरी त्या काळी रात्रीच्या सीनला निळी झाक, दिवसाच्या सीनला पिवळसर झाक द्यायचे, तशी झाक असलेली आणि चेहरे स्पष्ट दिसणारी कॉपी घ्या. आणि डाउनलोड करून पेनड्राईव्हवर ठेवा, गावच्या नेटवर भरवसा ठेवून ऑनलाईन लावायला जाऊ नका.

तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. अमावास्येच्या आधीचे तीन-चार दिवस उत्तम, कारण चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही आणि खळं खरंच काळोखी मिळतं, पौर्णिमेच्या आसपास लावलात तर पडदा पांढुरकाच दिसणार. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास बुडतो, पण नीट काळोख पडायला पावणेआठ होतात. आता सिनेमा आहे अडीच तासांच्या आसपास आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकर, वाद्यं बंद ठेवायचा नियम आहे, शिवाय बारकी पोरं नऊ वाजता पेंगायला लागतात, त्यामुळे एका रात्रीत बसवायचा हट्ट नको. दोन रात्री करा. तीन राजकुमार दुर्मीळ वस्तू शोधायला निघतात तिथे पहिली रात्र थांबवायची. गोष्टच तिथे अशी उभी आहे की दुसऱ्या दिवशी पोरं सकाळपासून विचारत बसतात.

पडद्याला फार खर्च नाही. हा सिनेमा आताच्या टीव्हीसारखा लांबट नाही, चौकोनी आहे, चारास तीन या मापात, त्यामुळे आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच पडदा बरोबर बसतो आणि घरातली पांढरी डबल बेडची चादर जवळजवळ त्याच मापाची असते. चादर एकेरी लावली तर उजेड आरपार जातो, मागे काळं किंवा गडद कापड जोडा. दोन बांबू पुरा, वर आडवी काठी, चादर वरून घट्ट आणि खालून जरा सैल, खालच्या शिवणीत वाळू भरलेली पुरचुंडी बांधा. संध्याकाळी समुद्राकडून वारा असतो, चारही बाजूंनी ताणून बांधलेली चादर शिडासारखी फुगते आणि राजकन्येचं तोंड वाकडं दिसतं. प्रोजेक्टर भाड्याने घेताना लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, विचारा पण ‘एएनएसआय’ म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले लुमेन विचारा, स्वस्तातल्या मशिनच्या खोक्यावर नुसते मोठे आकडे छापलेले असतात. अडीच-तीन हजार एएनएसआय लुमेन काळोखात भरपूर झाले. साधा प्रोजेक्टर पडद्यापासून पंधरा-सोळा फुटांवर ठेवावा लागतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन चित्र चार-तीन करून घ्या, नाहीतर तो आपोआप ताणून दाखवतो आणि फेअरबँक्स बुटका आणि जाडा दिसतो. एवढ्या सुंदर अंगाच्या माणसावर तो अन्याय आहे, चाळिशीत होता तो तेव्हा आणि उड्या बघा कशा मारतो.

लाईट जाणार हे धरूनच चला, वळवाचे ढग आले की आपल्याकडे पहिली लाईट जाते. इन्व्हर्टर असलेलं घर निवडा, लॅपटॉप फुल्ल चार्ज. आणि पोरांना जमिनीवर बसवणार असाल तर आधी खळं स्वच्छ झाडून घ्या, पालापाचोळा, लाकडांचा ढीग बाजूला, ताडपत्री घाला आणि येण्याजाण्याच्या वाटेवर एक बल्ब चालू ठेवा. उन्हाळ्यात रात्री फुरसं, म्हणजे तो विषारी साप, बाहेर असतं, देवगड-रत्नागिरीकडे तर विचारूच नका, त्यामुळे काळोखात अनवाणी कुणी माडाच्या मुळाशी जाऊ नये एवढी एक जबाबदारी मोठ्या माणसाने घ्यायचीच. तो वाटेवरचा बल्ब पडद्यापासून लांब ठेवलात की किडेही तिकडेच जातात.

आता मुख्य काम, बोलणं. दोन माणसं लागतात, जमलं तर तीन. एक सूत्रधार, जो गोष्ट पुढे नेतो, दुसरा सगळ्या गमतीदार लोकांचे आवाज काढणारा, आणि राजकन्या-दासी यांच्यासाठी एखादी मुलगी किंवा काकी. मध्ये मध्ये पडद्यावर इंग्रजी पाट्या येतात, त्या शब्दशः वाचून दाखवायच्या नाहीत. पाटी येते आणि जाते, तेवढ्यात अर्थ सांगायचा आणि मग सीन चालू असताना पात्राच्या तोंडी बोलायचं. दोन-तीन दिवस आधी सगळ्यांनी मिळून लॅपटॉपवर सिनेमा थांबवत थांबवत बघा, एक वही करा, त्यात पाटी आली की काय बोलायचं त्याची एकच ओळ लिहा, बाकी मोकळं सोडा. आख्खे संवाद लिहून काढलेत तर बोलणारा वहीत बघत बसतो आणि पडद्याकडे बघत नाही. दशावतारात कुठे संहिता असते, आख्यान ठरलेलं असतं आणि बोलणं त्या रात्रीचं असतं, तेच इथे करायचं.

भाषा कुठली, तर गावच्या माणसांसाठी मालवणी आणि मुंबईच्या पोरांसाठी मराठी असं मिसळून चालतं. माझ्या मते सूत्रधाराने मराठी बोलावं आणि चोर अहमद मालवणी, त्याने चोर लगेच आपला होतो. सुरुवातीला तो रस्त्यात झोपल्याचं सोंग करून पाणी प्यायला वाकलेल्या माणसांच्या थैल्या मारतो, तिथेच त्याचं ब्रीद सांगून टाका, ‘माका व्हया ता मी घेतंय!’ हे वाक्य पोरांकडून दोनदा म्हणवून घ्या, कारण पुढे राजवाड्यात शिरून झोपलेल्या राजकन्येला बघून हाच माणूस बदलतो, लुटायला आलेला तो तिची पायातली एक सपाता तेवढी घेऊन जातो. त्या सीनमध्ये सगळ्यांनी गप्प बसायचं, पेटीचा सूरसुद्धा नको, आणि सूत्रधाराने हळू आवाजात एवढंच म्हणायचं, ‘आता तेका मोत्यां नको, सोना नको.’ बस. जास्त बोललात तर सीन मेला. बोलणाऱ्याला कधी गप्प राहायचं ते कळलं की अर्धं काम झालं, बाकी उड्या मारायच्या जागी कितीही आरडाओरडा करा, रांजणांतून टुणटुण उड्या मारत पळतो तिथे तर पोरांनाच मोजायला लावा.

सुरुवात मात्र गाऱ्हाण्याने करा. एखाद्या जाणत्या माणसाला उभं करा आणि म्हणू द्या, ‘बा देवा रवळनाथा, आज ही पोरांटोरां ह्या खळ्यात जमली हत, तेंका बगदादच्या चोराचो खेळ बरो दिसांदे, लाईट जावक देव नको, पाऊस येवक देव नको रे म्हाराजा!’ आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ एकदा पोरांच्या तोंडात ‘व्हय म्हाराजा’ बसलं की सिनेमाभर त्याचा उपयोग होतो, चोराने काही ठरवलं की ‘व्हय म्हाराजा’, राजकन्येने होकार दिला की ‘व्हय म्हाराजा’, प्रेक्षक आपोआप खेळात येतात.

संगीताला भजनी मंडळातली पोरं बोलवा. पेटी, पखवाज, झांज, एवढंच पुरे, माईकची गरज नाही, पन्नास-साठ माणसांच्या खळ्यात उघडा आवाज पोचतो आणि तो जास्त चांगला लागतो. त्यांना फक्त तीन गोष्टी सांगा. पळापळीला दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत ठेका. मंगोल राजकुमार, म्हणजे सिनेमातला खलनायक, पडद्यावर आला की पखवाजाची एक जड थाप, दरवेळी तीच, दुसऱ्या रात्रीपर्यंत थाप पडली की पोरं आपणहून हुर्यो करतात. आणि गालिचा उडताना ताल अजिबात नाही, पेटीवर एक सूर लांब धरून ठेवायचा, भाता तुटू द्यायचा नाही, झांज फक्त गालिचा खाली टेकल्यावर. वादकांना हे पटत नाही आधी, हात शिवशिवतात, पण गालिचा बगदादच्या छपरांवरून जातो तेव्हा ताल नसल्यानेच तो तरंगल्यासारखा वाटतो, आग्रहाने सांगा.

पहिल्या रात्री गोष्टीचा एक धागा पक्का समजावून द्यायला हवा, तो म्हणजे गुलाबाच्या झाडाचा. राजकन्येला मागणी घालायला राजकुमार येणार असतात आणि दासी वाळूत बघून भविष्य सांगते की बागेतल्या गुलाबाच्या झाडाला जो पहिल्यांदा हात लावेल तोच नवरा. अहमद खोटा राजकुमार बनून घोड्यावर येतो, मधमाशी घोड्याला डसते, घोडा उधळतो आणि हा थेट झाडात जाऊन पडतो. हे भविष्य नीट सांगितलं नसेल तर पडणं नुसतं पडणं होतं, सांगितलं असेल तर खळ्यात शिट्ट्या येतात. नंतर त्याचं बिंग फुटतं, त्याला फटके मारतात आणि वानराच्या तोंडी द्यायची शिक्षा होते, तो भाग लहानांना भारी जातो, तिथे सूत्रधाराने आधीच सांगून टाकायचं की राजकन्या पहारेकऱ्यांना पैसे चारून त्याला सोडवणार आहे. पुढचं फोडलं म्हणून मजा जात नाही, चार वर्षांचं पोर आईच्या कुशीत तोंड लपवतं ते टळतं.

दुसऱ्या रात्रीचा खरा गाभा तीन वस्तूंचा आहे आणि इथे घाई करू नका. पर्शियाचा राजकुमार शिराजच्या बाजारातून उडता गालिचा घेतो, हिंदुस्थानचा राजकुमार कंदाहारजवळच्या एका प्रचंड मूर्तीच्या डोळ्यातला जादूचा स्फटिक काढवतो ज्यात लांबचं दिसतं, आणि मंगोल राजकुमार वाक बेटावरून मरणाऱ्याला उठवणारं सोन्याचं सफरचंद मिळवतो, ते खरं आहे का बघायला एका बिचाऱ्या कोळ्याला आधी मारून मग जिवंत करतात. कोळीवाड्यातली माणसं बसलेली असतील तर इथे चांगलाच कालवा होतो, होऊ द्या. मग राजकन्येवर विषप्रयोग होतो, स्फटिकात ती दिसते, गालिच्यावरून तिघे येतात, सफरचंदाने ती वाचते. आणि तिघे भांडायला लागतात की माझ्यामुळे वाचली. ही गोष्ट मुळात अरबी कथांमधल्या राजपुत्र अहमद आणि परीबानूची, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या माणसाने पॅरिसमध्ये अरबी कथा फ्रेंचमध्ये आणणाऱ्या आंत्वान गालांला ती सांगितली आणि तिथून जगभर गेली. पण आपल्याकडे वेताळपंचविशीत असंच त्रांगडं आहे, एक ज्ञानी जो राजकन्या कुठे आहे ते ओळखतो, एक विज्ञानी जो उडता रथ करतो, एक शूर जो राक्षसाला मारतो, आणि वेताळ विक्रमाला विचारतो मुलगी कोणाची. तर इथे सिनेमा सरळ थांबवा. पॉझ करा, दिवा लावा, आणि सूत्रधाराने वेताळ होऊन विचारायचं, ‘बोल राजा, कोणाक मान?’ पोरांचे तीन गट करा, गालिचा, स्फटिक, सफरचंद, आणि भांडू द्या पंधरा मिनिटं. विक्रमाने निकाल शूराच्या बाजूने दिला होता हे शेवटी सांगा, आणि मग एखादी मुलगी नक्की विचारते की राजकन्येला कोणी विचारलं का. तिथून परत प्ले करा, कारण राजकन्येच्या मनात आहे तो चौथा माणूस अजून वाटेतच आहे.

त्याची वाट म्हणजे आगीची दरी, राक्षसी प्राण्यांची दरी, मंतरलेली झाडं, समुद्राचा तळ, पंखवाला घोडा, चंद्राचा किल्ला. बोलणाऱ्याने इथे थोडं मागे सरावं आणि पखवाजाला पुढे येऊ द्यावं, प्रत्येक ठिकाणाचं नाव सांगितलं की पुरे. शेवटी तो अदृश्य करणारी शाल आणि जादूच्या चूर्णाची पेटी घेऊन परततो, चूर्ण फेकतो आणि जमिनीतून सैन्य उभं राहतं, तिथे सगळ्या वाद्यांना मोकाट सोडा.

सिनेमात जे आजच्या डोळ्यांना खटकतं तेही बोलायला हवं आणि मोठ्या माणसांनीच बोलायला हवं. बगदाद यातलं अमेरिकन लोकांनी कल्पनेने रंगवलेलं आहे, आणि मंगोल माणूस म्हणजे कपटीच असं सरसकट दाखवलंय, हे पोरांना सरळ सांगा. अॅना मे वाँग, जी मंगोल दासी झालीय (वाळूत भविष्य बघणारी ती वेगळी), ती लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची मुलगी, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची, पडद्यावर आली की नजर हटत नाही, पण हॉलिवूडने तिला वर्षानुवर्षं अशाच भूमिका दिल्या. २०२२ मध्ये अमेरिकेने तिचं चित्र नाण्यावर छापलं. सिनेमात मशीद आहे, नमाज आहे, चोराला सुधारणारा माणूस मशिदीतला धर्मगुरू आहे, तो भाग आदरानेच बोलायचा, विनोद नको. गावातल्या मुसलमान शेजाऱ्यांना आग्रहाने बोलवा, एखाद्या चाचांना धर्मगुरूचा आवाज द्यायला सांगा, त्यांच्या तोंडून ते फार छान लागतं. अरबी गलबतं या किनाऱ्याला नवीन नाहीत, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी आपल्या चौलला येऊन गेलाय, त्यामुळे बगदादची गोष्ट सांगताना ती लांबची म्हणून सांगू नका.

आणि दशावतार बघितलेल्या मंडळींसाठी एक खास गोष्ट राखून ठेवा. तो गुबगुबीत पर्शियन राजकुमार आहे ना मिशीवाला, ती मटिल्ड कोमाँ नावाची बाई आहे. आपल्याकडे पुरुष राणी होतो, तिकडे बाई राजकुमार झालीय, सिनेमा संपल्यावर सांगितलंत की सगळ्यांना परत ते सीन बघायचे असतात. जादूच्या ट्रिकाही संपल्यावरच सांगायच्या, आधी नाही. रांजणांत उडी मारण्यासाठी आत उसळणाऱ्या जाळ्या लपवल्या होत्या, गालिचा क्रेनला तारांनी टांगला होता, समुद्राच्या तळाचा सीन कोरड्या जमिनीवर संथ गतीने काढलाय, पाण्याचा थेंब नाही तिथे. कलादिग्दर्शक विल्यम कॅमरन मेंझीसने उभारलेल्या त्या उंच सेटची जमीन चकचकीत काळी ठेवली होती म्हणून इमारती तरंगल्यासारख्या दिसतात. सगळा खर्च त्या काळी दहा लाख डॉलरच्या वर गेला. मोठ्या पोरांना ही माहिती द्या, दुसऱ्या दिवशी ती स्वतःच मोबाईलवर तारेने चटई उडवायला बसतात.

खाण्याचं काही अवघड करू नका, कोकम सरबत आणि भाजलेले काजू, तेही पॉझच्या वेळी, चालू सिनेमात कागदाचा आवाज मूकपटाला फार बाधतो. दुसऱ्या रात्री वळीव आलाच तर पडदा लगेच उतरवा, प्रोजेक्टर आधी, चादर नंतर, आणि सगळ्यांना पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात घ्या, तिथे भिंतीवर चित्र लहान दिसेल पण पखवाज जास्त घुमेल. भिंत चुन्याची पांढरी असली तर चादरही लागत नाही.